एक काना जास्त

३ नोव्हेंबर

चि. चाक्यास,

वाचत असशील तर आशीर्वाद, न वाचता फेकणार असशील तरी आशीर्वाद.

एक तक्रार नोंदवायची आहे. ट्रामेच्या बाबतीत आपल्या घराण्यात अधिकारी पुरुष तूच, शिवाय परगावी का होईना, स्वतः ट्राम चालवतोस, म्हणून हे प्रकरण तुझ्या दरबारात. काल संध्याकाळी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर ट्राम माझ्यासाठी थांबली.

हो, थांबली. हळू झाली असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. शाळेतून परतत होतो. नेहमीप्रमाणे कोपऱ्याच्या अलीकडेच उठलो, छत्री काखेत मारली, पायरीवर आलो, दांडा धरला, आणि आता उडी मारणार तोच कंडक्टरने घंटेची दोरी ओढली. चाकं किंचाळली. अख्खी गाडी उभी. आतले सगळे माना लांब करून बघायला लागले, कोण बाळंतीण उतरते आहे.

"सावकाश, गुरुजी," कंडक्टर म्हणाला. "काही घाई नाही."

"मला घाई नाहीच आहे."

"म्हणूनच म्हटलं, सावकाश."

विशीपासून मी या कोपऱ्यावर चालत्या गाडीतून उतरतो आहे. घोड्यांच्या ट्रामेतून उतरलो, विजेच्या ट्रामेतून उतरलो. तोंड गाडीच्या दिशेला, चार पावलं गाडीबरोबर धाव, मग जणू काही झालंच नाही असा चेहरा. ही विद्या बाबांनी आपल्या दोघांना एकाच दिवशी शिकवली. तू पहिल्याच उडीत गटारात गेलास आणि तिथूनच ओरडलास, "पुन्हा!" या गावात ट्राम तिघांसाठीच थांबते: गरोदर बाई, काठी टेकणारा म्हातारा आणि ट्रंक. मी या तिघांपैकी कोण, ते कंडक्टरने सांगितलं नाही. घरी येऊन विचारलं, तर तुझी वहिनी म्हणाली, "ट्रंक. आत काय आहे ते कुणाला कळत नाही, आणि हलवायला दोघं लागतात."

तेव्हा अधिकारी या नात्याने कळव, कंडक्टरला असा परस्पर सन्मान करण्याचा हक्क आहे का?

तुझा,
दादा

ता. क. तुमच्या गावच्या ट्रामेबद्दल इथल्या वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आहेत. ओल्या रुळावर गाडी, एक इसम उतरताना चाकाखाली सापडून दगावला, ड्रायव्हरला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवलं आहे. ड्रायव्हरचं नाव दिलेलं नाही. तुझी वहिनी विचारत होती. मी विचारत नाही.


९ नोव्हेंबर

चि. चाक्यास,

उत्तर नाही, म्हणजे तक्रार विचाराधीन आहे असं धरतो. दरम्यान मी ट्राम कंपनीच्या सेवेत दाखल झालो आहे. खुर्ची सांभाळून बस.

कंपनीने सगळ्या गाड्या नव्याने रंगवल्या. दाराच्या वरची जुनी पाटी तुला पाठ असेल: "चालत्या गाडीतून उतरताना पडल्यास कंपनी जबाबदार नाही." नव्या रंगात ती कशी उमटली आहे, बघ: "चालत्या गाडीतून उतरताना पाडल्यास कंपनी जबाबदार नाही."

एक काना जास्त. सबंध गावाला जी करमणूक झाली आहे, ती मी इतक्या वर्षांत संस्कृत शिकवून एका वर्गालाही देऊ शकलो नाही. लोक पाय ठेवताच विचारतात, "कंडक्टर, आज कुणाकुणाला पाडणार?" एक जाडे वकील रोज पाटीला वाकून नमस्कार करतात. म्हणतात, निदान कबूल तरी केलं.

कंपनीच्या व्यवस्थापकांनी मला बोलावणं धाडलं. सडपातळ गृहस्थ, टेबलावर काहीही नाही, सगळं खणात.

"तुम्ही संस्कृतचे," ते म्हणाले. "पाटीत कुठेतरी एक काना जास्त झाला आहे. कुठला, ते सांगा."

"कुठला, ते तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे हो. पण कुणीतरी जाणकाराने लिहून द्यायला हवं. नाहीतर रंगारी म्हणतो, मूळ पाटीच चुकीची होती."

रंगारी कोपऱ्यात उभाच होता. मी त्याला विचारलं, बाबा रे, हा काना आला कुठून? तो म्हणाला, "जुन्या पाटीपेक्षा नवी रुंद आहे. ओळ आखूड पडत होती. जरा भरली."

"दुसरा कुठलाही काना चालला नसता?"

"तो शोभत होता तिथे."

चाक्या, मी वैयाकरण माणूस. आमच्या लोकांना अर्ध्या मात्रेची बचत झाली तरी घरात पाळणा हलल्याचा आनंद होतो. इथे एक अख्खा काना फुकट मिळाला होता, तो मला पुसवेना. 'पडला' म्हटलं की गोष्ट एका माणसात संपते, तोच पडणारा, तोच कर्ता. काना दिला की त्याच्यामागे दुसरं कुणीतरी येऊन उभं राहतं. संस्कृतातही तसंच आहे, पतति आणि पातयति. एका दीर्घ स्वराएवढं अंतर, आणि त्या अंतरात सबंध कोर्टकचेरी मावते.

हे सगळं मी तुला मागे एकदा सांगितलेलं आहे, आपल्याच माजघरात. ट्रामेतून उतरताना बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं, ते पलंगावरून परत उठले नाहीत, आणि दिवसकार्य आटोपल्यावर तू म्हणालास, "दादा, बाबा पडले." मी म्हणालो, "पाडलं." त्यानंतर तू ट्राम कंपनीतच नोकरी धरलीस आणि मी जे काही बोललो ते व्याकरणाला धरून होतं, एवढंच म्हणतो.

व्यवस्थापकांना मी लेखी काही दिलं नाही. म्हटलं, अभ्यास करून सांगतो.

"एका कान्याचा अभ्यास?"

"आमच्यात लोक एका कान्यावर जन्म काढतात," मी म्हणालो. त्यांनी मला फुकट प्रवासाचा पास दिला. बहुधा मी लवकर जावं म्हणून.

दादा

ता. क. चार ओळींनंतर वर्तमानपत्रात पाचवी आलेली नाही. तुझी वहिनी रोज बघते. तिच्या आधी मी बघतो, पण ते निव्वळ सवयीने.


१८ नोव्हेंबर

चि. चाक्यास,

अभ्यास जोरात चालू आहे. शाळा सुटली की मी ट्रामेत. पोरं म्हणतात, गुरुजींना ट्राम लागली. तुझ्याइतकी नसेल, पण थोडी लागली आहे खरी. हे इतकं गमतीचं असतं हे तू कधी सांगितलं का नाहीस? सांगितलं असशील. तेव्हा माझं लक्ष दुसरीकडे असेल.

पहिला शोध असा की, या गावात गाडी थांबवायला सांगणं ही पुरुषाला मरणाची लाज आहे. कापडाच्या दुकानातले एक कारकून रोज आपल्या घरावरून पुढे जातात, कारण त्यांच्या दारापाशी उतार आहे, गाडीला वेग असतो आणि उडी मारायची हिंमत होत नाही. पुढच्या चढावर गाडी मंदावते तिथे उतरतात आणि मागे चालत येतात. मी म्हटलं, घंटा का नाही वाजवायला सांगत? ते म्हणाले, "गाडीत सासुरवाडीचे लोक असतात हो!"

दुसरा शोध. मी रोज एका खिडकीत बसून उतरणाऱ्यांकडे पाहतो. तोंड पुढे करून उतरणारे सहसा तरतात. पडतात ते मागे वळलेले. आणि मागे का वळतात? गाडीतल्या कुणाशी तरी बोलणं अर्धं राहिलेलं असतं म्हणून. काल एक गृहस्थ 'येतो बरं का' यातलं 'बरं का' म्हणायला वळले आणि थेट रस्त्यावर बसले. लागलं काही नाही. बसल्या बसल्या त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

बाबांचं कुठलं बोलणं कधी पायरीच्या आधी संपलं होतं? त्या दिवशी ते मागे वळून कुणाला तरी काहीतरी सांगत होते, असं तू तेव्हा म्हणाला होतास. मला आता ते आठवतं. आणि कोपऱ्यावर घोडे हळू व्हायचे ते त्या दिवशी झाले नव्हते, उशीर झाल्यामुळे गाडीवानाने चाबूक मारला होता, असं मी म्हणालो होतो. तेही खरं होतं. आपण दोघे एकाच गाडीबद्दल बोलत होतो, चाक्या, फक्त दोन बाजूंच्या खिडक्यांतून.

तिसरा शोध. पास दाखवून मी ड्रायव्हरशेजारी उभा राहिलो. इथला ड्रायव्हर मोठ्या मिशांचा, मिश्कील.

"ब्रेक लावला की गाडी थांबते ना?" मी विचारलं.

"ब्रेक लावला की गाडीला कळतं, थांबायचं आहे. मग ती विचार करते."

"किती वेळ?"

"रूळ कोरडा असेल तर लगेच ऐकते. ओला असेल तर तुमच्या विद्यार्थ्यांसारखी. हो हो म्हणते आणि पुढे जाते."

त्याने मला पायाखालची वाळूची पेटी दाखवली. पायाने कळ दाबली की रुळावर वाळू सांडते आणि चाकाला पकड मिळते. मी म्हटलं, दाबून दाखवा. त्याने दाबली, काहीच सांडलं नाही. वाळू दमट होऊन गोळा झाली होती. "भिजलेल्या दिवसांत वाळू लागते," तो म्हणाला, "आणि भिजलेल्या दिवसांतच ती पडत नाही. कंपनीला सांगितलंय. कंपनी म्हणते, जपून चालवा."

तुला यातलं काही नवीन नसेल. मला मात्र प्रश्नांवर प्रश्न पडतात. तुमच्याकडे वाळू कोरडी ठेवतात का? पेटी कोण तपासतं, ड्रायव्हर की आगारातलं माणूस? उशीर झाला तर तुमच्याकडेही जाब विचारतात का? पायरीवर माणसं लोंबकळत असताना ड्रायव्हरला मागचं काय दिसतं? मला तर मिशीवाल्याच्या शेजारून रस्ता आणि फक्त रस्ता दिसला. मागे काय चाललं आहे ते घंटा सांगेल तेवढंच.

उत्तरं सवडीने दे. पण दे.

दादा


२६ नोव्हेंबर

चि. चाक्यास,

घाईत लिहितो. चार दिवसांपूर्वी कंपनीत माझा निकाल लागला. व्यवस्थापकांना मी म्हणालो, काना काढू नका आणि ठेवूही नका. वाक्यच बदला. आणि हे पुढे केलं: "गाडी थांबल्यावर उतरा. घंटा वाजवा, गाडी थांबेल."

त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. "यात कंपनी जबाबदार नाही, हे कुठे आहे?"

"नाहीच आहे."

"आणि 'थांबेल' म्हणजे? मग थांबावं लागेल."

"हो."

"सगळ्यांसाठी?"

"पाटी सगळ्यांनाच दिसते, साहेब."

"अहो गुरुजी, प्रत्येक धडधाकट माणसासाठी थांबत बसलो तर गाडी चालेल कधी? आजवर लोक आपापल्या जबाबदारीवर उतरत आले. कुणी पडलं तर वाईट वाटतं, आम्ही दवाखान्यातही नेतो. पण पडणाऱ्याची काही चूक असतेच ना?"

"असते. वाळूच्या पेटीचीही असते."

त्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले की त्यांचे सासरे गेल्या वर्षी उतरताना पडले, दोन दात गेले, आणि ते घरी म्हणतात कंपनीने पाडले. "बायको त्यांच्याच बाजूने आहे," ते म्हणाले. शेवटी आपल्या गल्लीच्या मार्गावर महिनाभर माझं वाक्य लावून बघायचं ठरलं. वाळूबद्दल 'बघू' म्हणाले. 'पडणे' हे क्रियापद पाटीवरून गेलं याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. म्हणाले, "त्या शब्दाने गिऱ्हाईक बिचकतंच."

काल संध्याकाळी नव्या पाटीखाली उभा राहिलो. घंटा वाजवली. गाडी थांबेपर्यंत अर्धे लोक आधीच उड्या मारून गेले होते. मी एकटा पायरीवर उभा, गाडी पुरती थांबायची वाट बघत. तोच कंडक्टर. "काय गुरुजी," तो म्हणाला, "नियम तुमचा, आणि पाळणारेही तुम्हीच."

एवढ्यावर हसून पत्र संपवणार होतो. आत्ता दारात पोस्टमन आला होता. तुझं कार्ड आहे. वाचून मग लिहितो.


२७ नोव्हेंबर

चाक्या,

कार्डावर तू चारच वाक्यं लिहिली आहेस आणि मी कालपासून तीच वाचतो आहे. "दादा, ड्रायव्हर मीच होतो. सोमवारी चौकशीत विचारतील, माणूस पडला की पाडला. तूच सांग, तुला व्याकरण येतं. वहिनीला नमस्कार."

तुझ्या वहिनीने कार्ड वाचलं आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "भाऊजींनी प्रश्न विचारलाय. उत्तर द्या. आणि शहाणपणा करू नका." तेव्हा तिच्या देखरेखीखाली लिहितो आहे.

आमचं शास्त्र म्हणतं, जो स्वतंत्र, तो कर्ता. या हिशेबाने 'पाडला' म्हणायला मागे एक स्वतंत्र माणूस उभा असायला हवा. त्या दिवशी तू किती स्वतंत्र होतास? रूळ ओला, वाळू बहुधा दमट, गाडीला उशीर, पायरीवर माणसं, मागचं काही दिसत नाही. आणि तो माणूस तरी किती स्वतंत्र होता? गाडी थांबवायला सांगायची त्यालाही लाज वाटली असेल. कदाचित मागे वळून कुणाला 'येतो' म्हणत असेल.

इथवर लिहून झालं आणि तुझी वहिनी खांद्यावरून वाचून म्हणाली, "झाला का शहाणपणा?" तिचं बरोबर आहे. वरचं सगळं खरं आहे आणि रात्री तुला झोप लागायला त्याचा काडीचा उपयोग नाही. माणूस गेला आहे. त्याचं काय नाव होतं, घरी कोण आहे, कुठे उतरणार होता, हे मला विचारावंसं वाटतं, आणि तुला ते सगळं ठाऊक असणार, तू चौकशी केल्याशिवाय राहिला नसशील.

म्हणून साधं उत्तर देतो. सोमवारी एका क्रियापदात बोलू नकोस. ते तुझ्याकडून एकच मागतील, कारण एक शब्द कागदावर चटकन मावतो. 'पडला' म्हणालास तर कंपनी सुटते आणि तू आतून अडकतोस. 'मी पाडला' म्हणालास तरी कंपनीच सुटते. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू हे दुसरंच म्हणायला निघाला आहेस. त्याऐवजी सगळं सांग. घंटा कधी वाजली, वाजली का, ब्रेक कधी लावलास, कळ दाबलीस तेव्हा वाळू सांडली का, पेटी आधी कोणी बघितली होती. लांबलचक सांग. कंटाळू देत त्यांना. आपल्या घरात लांबण लावण्याची परंपरा आहे, तिचा एकदा तरी उपयोग होऊ दे.

आणि मी माजघरात तुला काय म्हणालो होतो, ते तू आजवर शब्दाला शब्द जपून ठेवलं असशील. त्या वाक्यातला काना तुझ्यासाठी नव्हता रे. तू तेव्हा ट्राम कंपनीत पायही ठेवला नव्हतास.

शाळेत रजा टाकली आहे. रविवारच्या सकाळच्या रेल्वेने निघतो, दुपारी तुमच्या स्टेशनात. तुझी वहिनी येत नाही. म्हणाली, "तुम्ही दोघे आधी भांडून घ्या, मग मी येते." तिने दिलेला डबा मात्र ट्रंकेएवढा आहे, म्हणजे मी धरून दोन ट्रंका होतील. चौकशीत मला आत घेणार नाहीत हे ठाऊक आहे. बाहेरच्या बाकावर बसेन. परतताना तुझ्या त्या मार्गावरून एकदा ट्रामेने जाऊ, मी तुझ्या शेजारी बसेन, आणि तू मला प्रत्येक वळण दाखव. मला खरोखर बघायचं आहे.

गाडी पुरती थांबेपर्यंत मी रेल्वेच्या डब्यातून उतरणार नाही, त्याची चिंता करू नकोस. वर्तमानपत्रातल्या चार ओळी, वाळू, काना, कंडक्टर, हे सगळं मी महिनाभर लिहीत बसलो, कारण एक गोष्ट विचारवत नव्हती. आज विचारतो. मी उतरेन तेव्हा फलाटावर तू असशील ना? तू नसशील, याचीच मला भीती वाटते आहे.

दादा